डोकं थंड करायला धर्माबादला

माझ्या नवऱ्याला एकच इलाज येतो. बंद करा, चालू करा. ह्या एका इलाजावर तो माणूस स्कूटर घेऊन हैदराबादच्या आबिड्सभर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा साहेब म्हणून फिरतो आणि लोक त्याला वर चहा पाजतात, ह्याचा मला भयंकर संताप येतो.

खोटं वाटतं? मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा ह्यांच्याबरोबर बाजारात गेले होते, तर म्हणाले, वाटेत एका ऑफिसात दोन मिनिटं थांबू. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, देवळात काढाव्या तशा. आत एसीचा गारवा, आणि बंद पडलेल्या त्या डब्याभोवती पाच-सहा बाबूलोक तोंडं पाडून उभे. ह्यांनी सगळ्यांना मागं सरकवलं. मागच्या वायरी चाचपल्या. "हं" म्हणाले. बटण बंद केलं, डोळे मिटून जरा वेळ थांबले आणि चालू केलं. पडदा उजळला. मॅनेजर म्हणाला, "कमाल है सुधीरभाई, हाथ में जादू है!" बाहेर आल्यावर मी विचारलं, "अहो, पण झालं काय होतं त्याला?"

"कुणास ठाऊक," हे चपला घालत म्हणाले. "चाललं ना? मग?"

हे "चाललं ना, मग?" मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मिक्सर अडला, बंद करून चालू. टीव्हीत मुंग्या आल्या, बंद करून चालू. स्कूटर भर चौकात बसली तरी तेच. आणि हे लपवत नाहीत बरं का! कुठल्याही लग्नकार्यात पंगत उठली की स्वतःच किस्से सांगायला बसतात. "डोळे कशाला मिटतो विचारा की! नुसतं बटण दाबलं तर लोकांना वाटतं, एवढं तर आम्हालाही येतं. डोळे मिटले की वाटतं, इंजिनिअर विचार करतोय." लोक हसून हसून लोटपोट. पहिल्या वर्षी मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं, की हे माझ्यावरही तोच इलाज करतायत, तेव्हा माझं हसू बंद झालं.

मी निशिगंधा. माहेर धर्माबाद, सासर हैदराबादेत काचीगुडा, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि माझे सासरे हिम्मतराव. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. अप्पांनी कधी आवाज चढवला नाही, आणि तेच तर दुखणं आहे. आवाज चढवणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. घरात काही वाजलं की अप्पा हळूच म्हणणार, "पोट्टीचं डोकं तापलंय. चार दिवस धर्माबादला जाऊन येऊ दे." स्टेशन तर दारातच. संध्याकाळी वाद झाला की सकाळी तिकीट हातात.

ही काही एकट्या आमच्या घरची तऱ्हा नाही. आमच्या सगळ्या गणगोतात ही रीत आहे. सून बोलायला लागली की तिला माहेरी धाडायची. चार दिवसांनी नवरा जाऊन घेऊन येतो, येताना एक नवी साडी. आल्यावर त्या विषयाचं नाव कुणी काढायचं नाही. मी काढलं की अप्पा म्हणायचे, "आत्ता कुठं सगळं नीट झालंय, कशाला उकरतेस?" नीट काय झालं होतं, कपाळ! ज्यावरून वाद झाला ते होतं तिथंच असायचं, वर माझ्या कपाटात एक साडी वाढायची. ह्या साड्या मी नेसत नाही.

ह्या खेपेचा वाद पाटीवरून झाला.

त्या दिवसांत हैदराबादला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. ज्याच्या घराला पुढची खोली, त्यानं क्लास काढला. पाटीवर विमान, खाली "सहा महिन्यांत अमेरिका". ह्यांनी एका ऑफिसातून दोन जुनी मशीनं उचलून आणली आणि अप्पांनी ठरवलं, आपणही क्लास काढायचा. काढा, माझं काय जातंय! पण क्लासला बाई असली की लोक मुली पाठवतात, म्हणून बाई मी. शनिवारी शाळेतून घरी आले तर दारात पेंटर पाटी ठेवून गेलेला. निळ्या अक्षरात "निशिगंधा कॉम्प्युटर्स". माझं नाव एवढं मोठं मी लग्नपत्रिकेतसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि मला कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं.

"मला कॉम्प्युटरमधलं येतं काय?" मी म्हटलं. "बंद करणं आणि चालू करणं!"

"मग झालं की," हे म्हणाले. "मला तरी दुसरं काय येतं?"

दोघंही हसले. मी नाही हसले. मी जामबागच्या एका शाळेत मराठी शिकवते. तीन वर्षं टेंपररी म्हणून राबले होते आणि सोमवारी कमिटीची माणसं माझ्या वर्गात बसून माझा पाठ बघणार होती. पाठ आवडला तर मी कायम. त्या दिवशी गैरहजर राहिले तर संपलं, माझ्या जागेवर बसायला दुसऱ्या दोघी टपलेल्याच होत्या. हैदराबादेत मराठी शिकायला येणारी पोरं आता घरी आईशी तेलुगूत बोलतात, भावंडांशी हिंदीत, आणि माझ्यापुढं जोडाक्षर आलं की "बाई, ये नक्को" म्हणतात. त्यातलं एखादं पोर स्वतःहून पान उलटून पुढचं वाचायला लागतं ना, त्या एका क्षणासाठी मी ती नोकरी करते. हे मी घरात शंभरदा सांगितलं असेल. त्या संध्याकाळीही सांगितलं, जरा मोठ्यानं सांगितलं. शाळा सोडणार नाही म्हणजे नाही, पाटीवर तुमचं नाव घाला.

अप्पा नुसते "बरं" म्हणाले आणि फिरायला गेले.

रविवारी सकाळी मला उठवलं ते अप्पांनी. "पहाटे धर्माबादहून फोन आला होता. तुझ्या आईला बरं नाही. आत्ताची पॅसेंजर मिळेल."  उलट फोन करून विचारावं तर माहेरी फोन नाही. बाबा करायचे ते बाजारातल्या एसटीडी बूथवरून, आणि त्या बूथचा नंबर मला ठाऊक नव्हता. "उद्या माझा पाठ आहे," एवढं मी म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "आई मोठी का शाळा मोठी? शाळेच्या मोठ्या बाईंना मी कळवतो."  पिशवीत दोन साड्या कोंबल्या. ह्यांनी स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. सगळा रस्ता माणूस गप्प होता, आणि गाडीत बसवून देताना माझ्याकडं न बघता पंख्याचं बटण चालतंय का बघत होता. मला वाटलं, काळजीनं गप्प आहेत. मूर्ख मी!

गाडीत मी आईसाठी होते नव्हते ते सगळे देव आठवले. तो मार्ग एकेरी आहे. एक गाडी लहानशा स्टेशनात थांबून राहते, समोरची येते, मग ही सुटते. कामारेड्डीच्या अलीकडं आमची गाडी अशीच उभी राहिली. "क्रॉसिंग है अम्मा, टाइम लगेगा," शेंगावाला म्हणाला. बऱ्याच वेळानं समोरून हैदराबादला जाणारी पॅसेंजर आली आणि शेजारच्या रुळावर खिडकीला खिडकी लावून थांबली. आणि समोरच्या खिडकीत, गजांना डोकं टेकून, मांडीवर बॅग घेऊन, माझ्या भावाची बायको.

"रेणू!"

ती दचकली. "ताई? तुम्ही इकडं कुठं?"

"कुठं म्हणजे? आईला बघायला! कशी आहे? आणि तू तिला टाकून निघालीस कशी?" मी तिच्यावरच खेकसले.

"आईंना काय झालंय?"

"अगं, बरं नाही ना तिला?"

 रेणूनं बॅगेतून डबा काढून खिडकीला लावून दाखवला. "पहाटे उठून त्यांनीच मला दशम्या करून दिल्या. ठणठणीत आहेत. काल तर सगळी मिरची वाळत घातली त्यांनी गच्चीवर."

आधी जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पुसायच्या आत असा राग चढला की कानशिलं ठणकायला लागली. माणसं आईचं आजारपणसुद्धा थापेला वापरतात! मला चार दिवस घराबाहेर ठेवायला, आणि तेही नेमक्या ह्या चार दिवसांत.

"आणि तू कुठं निघालीस?" मी विचारलं.

"गौलीगुड्याला, माझ्या आईकडं." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझं डोकं तापलंय, ताई."

"कोण म्हणालं असं?"

"बाबा. तुमचे बाबा."

मला ते शब्द ऐकूनसुद्धा कळेनात. माझे बाबा, केशवराव. ज्यांच्यापुढं मी दर वेळी जाऊन रडले, आणि ज्यांनी दर वेळी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, "तुझं बरोबर आहे, बाळ."

"काय मागितलंस तू?"

"कडी," रेणू म्हणाली. "आमच्या खोलीला आतून कडी नाही. कुणीही दार ढकलून आत येतं. साडी बदलायची तर मी दाराला पाठ लावून उभी राहते. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले बाबांना विचारतो. बाबा म्हणाले, घरातल्या घरात कड्या कशाला? मी म्हटलं, मग तुमच्या कपाटाला कुलूप कशाला? बस्स, एवढंच बोलले. सकाळी तिकीट हातात."

मागच्या खेपेला मी गेले तेव्हाही रेणू घरात नव्हती. हौसेनं माहेरी गेलीय, असं आईनं सांगितलं होतं. मी तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर झोपून माझ्या सासरच्यांना शिव्या दिल्या होत्या. म्हणजे ह्या मार्गावर आम्ही दोघी कधीपासून अशा जात-येत होतो, देव जाणे. दोन्हीकडचे पुरुष मजेत घरी, आणि बायका गाडीत!

आमच्या गाडीची शिटी झाली. मी पिशवी उचलली, तिच्या गाडीच्या बाजूच्या दारातून खडीवर उडी मारली आणि समोरच्या डब्याला लटकले. रेणूनं दंडाला धरून आत ओढलं. "अय्यो अम्मा, पागल हुई क्या?" एक म्हातारी ओरडली. "हौ," मी म्हटलं. माझ्याजवळ परतीचं तिकीट नव्हतं. टीसी आला असता तर त्यालाही त्या दिवशी सोडलं नसतं. आला नाही, नशीब त्याचं.

आम्ही दोघींनी दशम्या खाल्ल्या. आईच्या हातच्या, मऊ, गूळ जरा जास्त. खाताना राग उलट वाढतच गेला. एवढ्या पहाटे उठून आईनं त्या केल्या, प्रेमानं केल्या, आणि सुनेला गाडीत बसवून दिलं. कडी का नको, हे मात्र तिनंही विचारलं नसणार.

काचीगुडा आलं तशी रेणू म्हणाली, "आईकडं गेले की ती आधी विचारेल, किती दिवसांसाठी आलीस. मला आज ते सांगणं होणार नाही."

"माझ्याकडं चल," मी म्हटलं.

गल्लीत वळलो तर ठोकठोक ऐकू आली. हे स्टुलावर चढून पाटी ठोकत होते. खाली अप्पा उभे, "जरा डावीकडं, आणखी जरा." मला बघून ह्यांचा हातोडा हवेतच राहिला.

"अगं... गाडी चुकली का?"

"नाही चुकली. आई ठणठणीत आहे, अप्पा."

अप्पांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "देवाची कृपा," ते म्हणाले. "उन्हातून आलात, आत या. पाणी घ्या."

देवाची कृपा! मी आत गेले, पण पाणी घेतलं नाही. "चार दिवस लागले नाहीत मला," मी म्हटलं, "आणि डोकंही थंड झालेलं नाही. काल जिथं थांबवलंत तिथून पुढं बोलणार आहे. उद्या मी शाळेत जाणार."

"अगं, ते आता कसं जमेल?" अप्पा अगदी मायेनं म्हणाले. "मी सकाळीच तुमच्या मोठ्या बाईंच्या घरी जाऊन आलो. सांगून टाकलं, की सूनबाई आता घरचंच काम बघणार."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"निशी, आत्ता तू चिडलीयस. जरा पड, जेव, मग सावकाश..."

"मग सावकाश काय? सकाळी उठल्यावर मी विसरून जाईन? अहो, इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, की काय बिघडलंय? त्या लोखंडी डब्याच्या मागच्या वायरी तरी चाचपता. मला तेवढंही नाही?"

माझा आवाज गल्लीत गेला असणार. जाऊ दे. रेणू कोपऱ्यात बॅग धरून उभी होती आणि तिची मान खाली नव्हती. मी सरळ फोनकडं गेले आणि मोठ्या बाईंचा नंबर फिरवला. अप्पा म्हणाले, "रविवारी दुपारी कुणाला त्रास देऊ नये." मी म्हटलं, "तुम्ही सकाळीच देऊन आलात."

बाईंनी फोन उचलला. मी सांगितलं, "बाई, मी निशिगंधा. उद्या मी येणार आहे. माझे सासरे जे बोलले, ते त्यांचं बोलणं होतं, माझं नाही."  मग बाई म्हणाल्या, "कमिटीला मी अजून काही कळवलेलं नाही. म्हटलं, जिची नोकरी ती एकदा बोलू दे. आठच्या आत या, उशीर नको." मी फोन ठेवला. माझं काम झालं होतं.

अप्पा उठून फिरायला निघाले. भर उन्हात! हे म्हणाले, "अप्पा, बसा जरा." मला वाटलं नव्हतं हे बोलतील. अप्पा क्षणभर उभे राहिले आणि मग बसले. मग हे माझ्याकडं वळून म्हणाले, "सांग. काय बिघडलंय?" किती साधा प्रश्न! ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते, बाजारातल्या बूथवरून. मागं बसचा हॉर्न, माणसांची कालवाकालव.

"निशा? तू तिथंच? अगं, गाडी येऊन गेली, मी सगळे डबे बघितले. तू उतरली नाहीस. जीव नुसता खाली-वर..." बाबांचा आवाज फाटला होता. ते खरंच घाबरले होते. म्हातारा माणूस उन्हात डबे बघत धावला असेल, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. तरीही मी विचारलं.

"बाबा, आई कशी आहे?"



"बरी आहे. म्हणजे... आता बरी आहे."

"आधी काय झालं होतं?"

 मागं कुणीतरी कंडक्टर "बासर, बासर" ओरडत होता.

"अप्पांनी तुम्हाला फोन केला, का तुम्ही अप्पांना?"

"हिम्मतरावांनी. काल संध्याकाळी ह्या बूथवर फोन करून मला बोलावून घेतलं. बाळ, तुझ्या भल्यासाठीच. दोन घरं सांभाळायची म्हणजे..."

"उद्या माझा पाठ होता, हे माहीत होतं तुम्हाला?"

"म्हणाले होते ते," बाबा हळूच म्हणाले. "नोकरी काय, दुसरी मिळते."

ह्यापुढं राग कुठं ठेवावा, हे मला कळेना. अप्पा परके होते हो, त्यांच्यावर रागावणं सोपं होतं. माझ्या बापानं माझी तीन वर्षं एका फोनवर देऊन टाकली होती, आणि वर मला घ्यायला स्टेशनवर येऊन उभा राहिला होता.

"रेणू इथंच आहे," मी म्हटलं. "कडी कधी बसवताय ते विचारतेय. आणि बाबा, ह्यापुढं मला कुणी पाठवलं तर मी येणार नाही."

"असं बोलू नकोस, बाळ. तुझंच घर आहे."

"माझं असेल तर तुम्ही बोलवा. तुम्हाला मी घरात हवी असेन तेव्हा बोलवा, मी नोकरी टाकूनसुद्धा येईन. पण दुसऱ्या कुणाला मी घरात नको असेन, म्हणून तुमच्याकडं यायचं, हे मला नाही जमणार."

 त्यांचा श्वास ऐकू येत होता. बूथमध्ये त्यांच्यापुढं ते लाल आकड्यांचं मीटर पळत असणार, आणि माझे बाबा तर खुशाली सांगून झाली की पुढचं वाक्य अर्धं टाकून फोन ठेवणारे. त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.